न विचारता दिलेली साक्ष

ओझेला क्रचफील्ड साक्ष द्यायला उभी राहिली की बेथबारा चर्चमधल्या बाया हातातले पंखे थांबवायच्या. देवानं आज सकाळी मला उठवलं, हातपाय चालते ठेवले, आभार मानते, एवढ्यावर तिचं कधी भागत नसे. तिच्या साक्षीत माणसांची नावं असत, एखादीला चिमटा असे, आणि देवाचं क्रचफील्ड कुटुंबाकडे इतरांपेक्षा जरा बारीक लक्ष आहे असं ऐकणाऱ्याला वाटल्याशिवाय राहत नसे.

त्या रविवारी तिच्या आधी यूला टार्प्ली उभी राहिली होती. यूलाचा मुलगा डेट्रॉइटला बँकेत टाय लावून बसतो, हे सगळ्या एन्सली वस्तीला पाठ झालं होतं. आता त्याला बढती मिळाली होती. बसायला वेगळी खोली, खोलीला दार, दारावर नाव. मंडळीनं आमेन म्हटलं, टाळ्या दिल्या. यूला खाली बसली आणि बसता बसता मागं वळून ओझेलाकडे बघून हसली. ती हसली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं, असं ओझेला आजही म्हणते.

महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणून ओझेलाच्या अंगावर पांढरा गणवेश होता. चर्चच्या परिचारिका मंडळाची ती अध्यक्ष. मंडळातल्या एकीलाही सुई टोचता येत नव्हती. गाणं रंगात आलं, कुणाच्या अंगात पवित्र आत्मा संचारला, कुणी भोवळ येऊन आडवं झालं, की त्याला धरायचं, वारा घालायचा, चष्मा काढून बाजूला ठेवायचा, एवढंच त्यांचं काम. पण टोपी होती, पांढरे मोजे होते, पांढरे बूट होते, आणि ते घालून ओझेला मधल्या वाटेनं चालायला लागली की दवाखान्यातल्या खऱ्या नर्सनं बाजूला सरकून वाट दिली असती.

"प्रथम देवाला मान, पाळकसाहेबांना मान, मंडळीला मान," ती म्हणाली. "माझ्या घरी बढती-बिढती कुणाला मिळालेली नाही. थर्मनचा कारखाना बंद पडला, ते तुम्हाला माहीत आहे. माझा लूशस गेला, तेही माहीत आहे. पण माझी व्हर्नेल सप्टेंबरात अटलांटाला चालली. नर्स व्हायला."

चर्च नुसतं दणाणलं. ऑर्गन वाजवणाऱ्यानं आपणहून दोन सूर दिले. पाळक लॅटिमर उठून उभे राहिले आणि म्हणाले की हे लेकरू सगळ्या मंडळीचं आहे, येत्या शनिवारी आपण तिच्या शाळेच्या खर्चासाठी मासे तळून विकायचे, आणि पुढच्या रविवारी तिला इथं पुढं उभं करून पाठवणी करायची. परिचारिका मंडळानं जागच्या जागी ठरवलं की पोरीचा पहिला पांढरा गणवेश आपला.

व्हर्नेल तिसऱ्या ओळीत बसली होती. सगळ्यांनी वळून वळून तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली, ती वर केलीच नाही. लाजली, असं सगळ्यांना वाटलं. ओझेलालाही तसंच वाटलं.

दुपारी जेवणाच्या टेबलावर ते फुटलं.

"मम्मा, नर्सिंग म्हणून तुला कुणी सांगितलं?" व्हर्नेलनं विचारलं. तिनं ताटाला हात लावलेला नव्हता.

"तूच. त्या दिवशी भांडी पुसताना. अटलांटाला शाळेत जाते म्हणालीस."

"शाळेत म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला आणि तू उठून गेलीस."

"मग दुसरी कसली शाळा असते?"

"शाळा पुष्कळ असतात मम्मा," थर्मन म्हणाला. "मीच दोन सोडल्यात."

"तुझ्याशी कोण बोलतंय? तू खा."

थर्मन तिचा थोरला. कारखान्याची भट्टी थंड झाली तेव्हापासून तो आईच्या घरी परत राहायला आला होता, बायको पोरांना घेऊन तिच्या माहेरी. हल्ली तो दिवसभर मागच्या अंगणात एक लोखंडी पिंप कापून, जोडून, त्याचा मांस धुरावण्याचा चुलाणा करत बसलेला असे. त्यावर बरगड्या भाजायच्या, कोपऱ्यावर विकायच्या, पुढं गाडी घ्यायची, तिच्यावर आपलं नाव रंगवायचं, असा त्याचा बेत. ओझेला त्या पिंपाला कचऱ्याचा डबा म्हणत असे.

"मला मिस्टर बास्कम पाठवताहेत," व्हर्नेल म्हणाली. "त्यांच्या धंद्यातली शाळा आहे ती. मयताला धुणं, औषध भरणं, चेहरा नीट करणं, कपडे घालणं. परीक्षा असते, परवाना मिळतो. मग त्यांच्याकडेच नोकरी."

ओझेलानं काटा खाली ठेवला. "बास्कमकडे तू केस करायला जातेस. त्यांच्या बायकोचे."

"बायको केव्हाच वारली त्यांची. तू गेली होतीस मयताला. केक घेऊन."

"मग कुणाचे करतेस?"

थर्मनचं चावणं थांबलं.

"जे येतात त्यांचे," ती शेवटी म्हणाली.

ओझेलाला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा ती खुर्ची मागं सारून उठली. टेबलावर काही सांडलं नव्हतं, तरी फडकं घेऊन पुसत सुटली. गेलं वर्षभर ही पोर शनिवारी केस सरळ करायचा, तापवायचा कंगवा आणि तेलाची डबी पिशवीत घालून निघायची, आणि आपण शेजारणींना सांगायचो, माझ्या व्हर्नेलच्या हाताला भारी गुण आहे, मोठ्या घरच्या बाया तिला बोलावून घेतात.

"मढ्यांची न्हावीण," ती म्हणाली. "एवढ्यासाठी मी तुला वाढवली."

"पप्पा गेले तेव्हा तू वर्षभर ज्याला त्याला सांगत होतीस. लूशस अगदी जसाच्या तसा दिसत होता, आत्ता उठून कॉफी मागेल असा."

"दिसतच होता."

"ते आपोआप झालं नव्हतं मम्मा. शेवटी शेवटी त्यांचा चेहरा कसा झाला होता, तुला आठवतं की नाही? कुणीतरी बसून ते केलं. तुला बघवेल असं केलं."

"तो बास्कम म्हातारा आहे. पुरुष माणूस आहे. त्याच्या बापाचा धंदा आहे तो. तुझ्या बापाचा नव्हता." फडकं तिनं मोरीत फेकलं. "जिवंत माणसांच्या अंगाला हात लावायचं काम आहे नर्सचं. त्यांना बरं करायचं. त्यात काय वाईट आहे?"

"मला जिवंत माणसं जमत नाहीत. ती बोलतात. आणि चर्चमधली तर फारच."

थर्मन हसला, आणि आईनं पाहिल्यावर खोकला आल्यासारखं केलं.

"येत्या रविवारी उठून सांग," व्हर्नेल म्हणाली. "चुकून बोलले म्हण. लोक मासे तळायच्या आत सांगितलंस तर आणखी चांगलं."

"मी साक्ष मागं घेऊ? साक्ष म्हणजे काय दुकानातला ब्लाउज आहे, घरी नेऊन बघितला, बसला नाही, दिला परत?"

"माझ्या अंगावर तर तोच घातलास तू."

पोरीच्या तोंडाला आपलंच वळण आहे हे ओझेलाला माहीत होतं. एरवी त्याचा तिला अभिमान वाटे.

तिला सांगता आलं असतं व्हर्नेलला. लग्नाआधी ओझेला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात फरशी पुसायची. काळ्या माणसांचा वॉर्ड तळघरात होता, पाइपांच्या खाली, वाफेत. तिथं एक दिवस मिसेस थ्रॅशर नावाची काळी नर्स आली. इस्त्रीच्या टोपीत. डॉक्टरसुद्धा तिला मिसेस म्हणायचे, तोवर ओझेलानं काळ्या बाईला गोऱ्यानं मिसेस म्हटलेलं ऐकलं नव्हतं. ती हातात पोतेरं घेऊन तशीच उभी राहिली होती आणि त्याबद्दल तिला बोलणी बसली होती. पण हे सांगायचं म्हणजे आपल्याला काय हवं होतं आणि काय मिळालं नाही ते पोरीपुढं मांडायचं. ओझेलाला ते जमण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, "ताट संपव. अन्न फुकट येत नाही."

आठवडाभर ती पाळकसाहेबांना फोन करणार होती. सोमवारी करणार होती, तर चर्चचा कारभार बघणारे डीकन मक्याच्या पिठाची पोती घेऊन दारात हजर. चर्चच्या स्वयंपाकघरातली शेगडी बिघडलेली होती, म्हणून तळण ओझेलाच्याच अंगणात व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी परिचारिका मंडळातली एकजण गणवेशासाठी व्हर्नेलचं माप विचारायला आली. ओझेलानं मापही सांगितलं. तोंडातून आपोआप गेलं, पोरीचे कपडे तीच शिवायची ना. मग यूला टार्प्लीनं तेलाचा मोठा डबा पाठवला, वर चिठ्ठी, 'आपल्या नर्ससाठी'. बाकी सगळं ओझेलानं निभावलं, तो डबा मात्र तिच्याच्यानं उचलवेना. थर्मनला हाक मारून आत ठेवून घेतला.

व्हर्नेल त्या दिवसांत आईशी कामापुरतं बोलत होती. मीठ दे. दिवा बंद करते. सांगितलंस का?

"बघते," ओझेला म्हणायची.

शनिवारी सकाळी अंगणात टेबलं मांडली. कढया चढल्या. तळलेला मासा, स्पॅगेटी, कोबीची कोशिंबीर, पांढऱ्या ब्रेडचे दोन तुकडे आणि वर लाल तिखट सॉस, अशी प्लेट. उन्हं वर यायच्या आत रांग कुंपणाबाहेर गेली. आणि मागच्या दारातून व्हर्नेल ॲप्रन बांधत आली, माशांच्या परातीपुढं उभी राहिली, पिठात तिखटमीठ कालवायला लागली.

ओझेलाच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. "शहाणी आहेस," ती हळूच म्हणाली.

"ह्याचा काही अर्थ लावू नकोस. एवढा मासा तुला एकटीला झेपायचा नाही म्हणून आले."

तरीपण दोघी लागल्या कामाला. व्हर्नेल घोळवायची, ओझेला तळायची. पोरीच्या लहानपणापासूनची सवय, एकीचा हात दुसरीला लागत नव्हता. चर्चच्या बाया प्लेटा भरत होत्या. येणारा जाणारा विचारत होता, काय नर्सबाई, इंजेक्शन जपून द्या हो. व्हर्नेल मान न उचलता मासा पिठात उलटा करायची, सुलटा करायची. ओझेलाला वाटायला लागलं, पोरीचं मन वळतंय. निदान वळेल. सप्टेंबर लांब आहे.

थर्मनला कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यानं कुंपणाच्या कोपऱ्यात आपलं पिंप पेटवलं होतं. बरगड्या तो आदल्या दिवसापासून मसाल्यात मुरवून बसला होता. हिकरीच्या लाकडाचा धूर रांगेवरून गेला, आणि रांग हळूहळू वाकडी व्हायला लागली. आधी दोन डीकन गेले, नुसतं बघायला. मग पोरं. मग माशाचे पैसे हातात धरलेली एक बाई मध्येच वळली आणि बरगडी घेऊन, बोटं चाटत, मासा न घेता निघून गेली.

थर्मनच्या तोंडावर असं हसू ओझेलानं कारखाना बंद पडल्यापासून पाहिलं नव्हतं. ते तिला दिसलंही. पण हातात झारा होता, डोळ्यात धूर होता, आणि यूला टार्प्ली रांगेत पुढं येऊन पोचली होती.

"थर्मन, विझव तो कचऱ्याचा डबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली.

"मम्मा, लोकांना आवडतंय."

"हा व्हर्नेलच्या नर्सिंगचा मासा आहे. तुझ्या उद्योगाची जाहिरात नाही चाललेली. माझं एक लेकरू काहीतरी होतंय, त्याच्यावर तरी धूर करू नकोस."

थर्मन चिमटा हातात धरून उभा राहिला. त्याच्याभोवतीचे लोक दुसरीकडे बघायला लागले. कुणाच्या घरचं भांडण आपल्या कानावर पडलं की जसं बघतात तसं. चौतिशीचा माणूस, आईच्या अंगणात, सगळ्या गल्लीदेखत.

"कसलं नर्सिंग?" तो म्हणाला. आवाज त्यानं चढवला नव्हता. "ती बास्कमकडे मढ्यांचे केस करते. त्याचीच शाळा शिकायला चाललीय. तुला रविवारीच सांगितलंय तिनं. माझ्यासमोर."

यूला टार्प्लीच्या हातात नुकतीच भरलेली प्लेट होती. तिनं प्लेटीकडे पाहिलं, मग परातीतल्या व्हर्नेलच्या हातांकडे पाहिलं. मनगटापर्यंत पीठ. "मला आज पोटात जरा बरं नाहीये," ती म्हणाली आणि प्लेट टेबलावर ठेवून दिली. तिच्या मागच्या बाईनंही ठेवली.

"यूला," ओझेला म्हणाली, "तुझी आई बास्कमच्याच दारातून गेली ना गं? पेटीवर वाकून तिच्या गालाचे पापे घेत होतीस तू. तेव्हा नाही विचारलंस, पावडर कुणी लावली म्हणून. उचल ती प्लेट."

रांगेत कुणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं. मागून एक म्हातारा म्हणाला, "मला द्या ती प्लेट, माझं पोट बरं आहे." हसणं पसरलं. यूलानं प्लेट उचलली. व्हर्नेलनं आईकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मऊ होतं. ओझेलानं तिथं थांबायला हवं होतं. झारा कढईत घालून पुढचा मासा काढायला हवा होता.

पण मंडळी बघत होती, आणि ओझेला क्रचफील्डनं अर्ध्यावर बोलणं कधी सोडलं नव्हतं.

"आणि ते बास्कमचं काम तात्पुरतं आहे," ती म्हणाली. "चार पैसे सुटतात म्हणून. सप्टेंबरात व्हर्नेल नर्सिंगला जातेय. थर्मनला काय कळतंय? मी सांगते ना, जातेय."

व्हर्नेलनं परातीत हात झटकले. ॲप्रनची गाठ सोडली, ॲप्रन नीट घडी करून टेबलावर ठेवला.

"थर्मननं रागानं का होईना, खरं सांगितलं," ती आईला म्हणाली. "तू प्रेमानं सांगतेस ते सगळं खोटं."

ती घरात गेली नाही. फाटकातून बाहेर पडली, रांगेच्या कडेकडेनं, हाताला पीठ तसंच. थर्मन तिच्या मागं दोन पावलं गेला. "व्हर्न, ए व्हर्न, मला तसं म्हणायचं नव्हतं." ती थांबली नाही. तो परत आला आणि आईपुढं उभा राहिला.

"काय बघतोस?" ओझेला म्हणाली. "पिठाला हात लाव. मासा आपोआप घोळत नाही."

मासा सगळा खपला.

रविवारी सकाळी, महिन्याचा पहिला रविवार नसूनही पाठवणीसाठी पांढरा गणवेश घालून, ओझेला टोपीला पिना लावत होती, तर व्हर्नेलच्या खोलीचं दार उघडं आणि पलंगावर लूशसची जुनी सुटकेस. व्हर्नेल चर्चचे कपडे न घालता काळ्या कामाच्या ड्रेसमध्ये बसली होती.

"उद्या सकाळच्या बसनं जातेय," ती म्हणाली. "मिस्टर बास्कमची बहीण आहे अटलांटाला. शाळा सुरू होईपर्यंत तिच्याकडे राहीन. आता बास्कमकडे जातेय, डीकन स्ट्रिकलंडची बहीण आलीय काल. वारली ती, उद्या पुरायचंय तिला."

"आज पाठवणी आहे तुझी. सगळं चर्च येणार."

"माझी नाही. तुझ्या त्या नर्सची." ती भांडत नव्हती. भांडली असती तर ओझेलाला उत्तर देता आलं असतं. "मम्मा, जिची तू साक्ष देतेस ती पोरगी कोण आहे मला माहीत नाही. बरी असेल. नाताळाला, ईस्टरला तीच येत जाऊ दे तुझ्याकडे. ती येणार असेल तर मी कशाला येऊ? एका घरात दोघी मावणार नाहीत."

"मला धमकी देतेस?"

"नाही गं. थकलेय मी."

थर्मननं गाडी बाहेर काढून भोंगा वाजवला. ओझेला निघाली, कारण चर्चला उशिरा जाणं तिला माहीत नव्हतं.

गाणं झालं, वचन झालं, दानार्पण झालं. मग पाळक लॅटिमर पुढं आले, हातात पांढऱ्या फितीनं बांधलेला खोका. "आता आपलं लेकरू," ते म्हणाले. "व्हर्नेल क्रचफील्ड."

माना फिरल्या. तिसरी ओळ, चौथी ओळ, वरची गॅलरी. ओझेला उठली आणि एकटीच मधल्या वाटेनं पुढं गेली. जाता जाता तिच्याजवळ उत्तर तयार होतं. पोरीला बरं नाही, काल उन्हात उभी होती. कोण विचारणार होतं पुढं? खोका घ्यायचा, आभार मानायचे, घरी जायचं. उद्या पोर निघून जाईल, आणि अटलांटात ती काय शिकते हे एन्सलीत कुणाला दिसणार होतं? वर्षानुवर्षं चालवता आलं असतं. यूलाचा मुलगा खरंच बँकेत आहे की नाही, कुणी जाऊन पाहिलं होतं?

तिनं खोका हातात घेतला. हलका होता. वरचं झाकण कागदाचं, त्यातून कापड दिसत होतं. चांगलं होतं कापड, जाड, कॉलरला दुहेरी शिवण. तिच्या स्वतःच्या गणवेशाला असली शिवण नव्हती.

"प्रथम देवाला मान," ती म्हणाली.

"बोला, मदर," मंडळी म्हणाली. चर्चमधल्या वडीलधाऱ्या बाईला मदरच म्हणत.

"मागच्या रविवारी मी इथं देवाच्या नावावर एक गोष्ट सांगितली. ती देवानं केलेली नव्हती. माझीच होती."

"बोला, मदर. बोला." त्यांना वाटलं, मोठी साक्ष येतेय. ऑर्गनवाल्यानं बोटं ठेवली.

"माझी मुलगी नर्स होणार नाही. ती मयताचं काम शिकायला चाललीय, बास्कमचं काम. थर्मन काल बोलला ते खरं आहे. मी बोलले ते खरं नव्हतं."

आता कुणी बोला म्हटलं नाही. बेथबारा चर्चमध्ये माणसाचं बोलणं असं रिकामं कधी पडत नसे. लहान पोरानं कविता चुकवली तरी चार म्हाताऱ्या आमेन म्हणून सांभाळून घ्यायच्या. ऑर्गनवाल्यानं बोटं उचलली.

"मला त्याच दिवशी दुपारी कळलं होतं. त्यानंतर मी तेल घेतलं तुमचं, पीठ घेतलं, मासा तळला." तिनं यूलाकडे पाहिलं, कारण पाहायचं नाही असं ठरवलं की मान तिकडेच जात होती. "ज्यांनी खाल्ला त्यांनी खाल्ला. मासा चांगला होता, त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. आलेले पैसे चर्चच्या शेगडीला लावा."

पाळक लॅटिमर खाकरले. "मंडळी, हा प्रामाणिकपणा, हे नम्र हृदय..."

"नम्र-बिम्र काही नाही पाळकसाहेब. मला राग आलाय."

"कुणाचा, मदर?"

"ते अजून ठरतंय."

वरच्या गॅलरीत कुणीतरी हसू दाबलं. ओझेलानं खोका पाळकांच्या हातात परत दिला. त्यांना तो कुठं ठेवावा कळेना. "ह्याचं काय करायचं?" ते हळू आवाजात म्हणाले.

"जिला होईल तिला द्या," ओझेला म्हणाली. "माझ्या मापाचा नाही."

ती परत जाऊन जागेवर बसली. शेजारची बाई जरा सरकली, तिला जागा द्यायला की तिच्यापासून लांब व्हायला, ते समजलं नाही. पुढच्या गाण्यात एका बाईच्या अंगात आत्मा संचारला आणि ओझेला सवयीनं उठली, तर दुसरी परिचारिका आधीच तिच्यापाशी पोचली होती. ओझेला खाली बसली. पंखा मांडीवर होता, तो तिनं स्वतःला घातला.

गाडीत थर्मन म्हणाला, "मम्मा, काल मी..."

"रस्त्याकडे बघ."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "मोठी गोष्ट केलीस तू आज."

"मोठी गोष्ट केली असती तर इतकं वाईट वाटलं नसतं. रस्त्याकडे बघ म्हटलं ना."

व्हर्नेल घरी आली ती दुपार उलटल्यावर. ओझेला अजून पांढऱ्या गणवेशातच होती, स्वयंपाकघरात, वाटाणे सोलत.

"बास्कमकडे फोन आला होता," व्हर्नेल दारातूनच म्हणाली. "सिस्टर टार्प्लीचा."

"आलाच असेल. काय म्हणाली?"

"म्हणाली, तुझ्या आईनं आज असं असं केलं. म्हणाली, मी असते तर मेले तरी केलं नसतं."

"तिला येणारच नाही ते." ओझेलानं शेंग मोडली. "मी परवानगी दिलेली नाही तुला. खोटं बोलले ते मागं घेतलं, एवढंच."

"माहीत आहे."

"नर्स झाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"माझं बिघडलं असतं, मम्मा."

ओझेलानं आणखी बऱ्याच शेंगा मोडल्या. बोलायचं पुष्कळ होतं. तळघरातली ती वाफ, मिसेस थ्रॅशरची टोपी, हातातलं पोतेरं. ते घशापर्यंत आलं, आणि तोंडातून निघालं ते वेगळंच. "जेवलीस का?"

"तिथं खाल्लं."

"मढ्याच्या घरी बसून जेवलीस?"

"स्वयंपाकघर वेगळं असतं गं."

व्हर्नेल खोलीत गेली. सुटकेसच्या कड्या वाजल्या. ओझेलानं दोन-चार मिनिटं ऐकून घेतलं, मग हात पुसत तिकडे गेली. पोरीनं कपडे कसेही कोंबले होते. बुटांवर ब्लाउज, ब्लाउजवर इस्त्रीचा ड्रेस दुमडून.

"असं भरतात?" ओझेला म्हणाली. "तिथं उतरल्यावर तुझ्याकडे बघून लोक काय म्हणतील, हिला आईबाप होते की नाही?" आणि तिनं सुटकेस उचलून सगळी पलंगावर उपडी केली.

व्हर्नेल भिंतीला टेकून उभी राहिली. ओझेला पलंगावर बसून एकेक कपडा घेऊन घडी घालायला लागली. बाह्या आत, मग अर्ध्यावर, मग हातानं दाबून. बूट तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून तळाला घातले.

"चर्चमध्ये कुणी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही," ती मान न उचलता म्हणाली. "पण मी होऊन कुणाला सांगायला जाणार नाही. आणि मला आवडलं असं तर कुणालाच सांगणार नाही."

"चालेल."

"नाताळाला येशील तेव्हा तिथल्या गोष्टी माझ्या टेबलावर काढायच्या नाहीत."

"नाही काढणार. चालेल."

"तुला चालेल गं," ओझेला म्हणाली. "मला चालत नाहीये." आणि तिनं पुढचा ब्लाउज उचलला, झटकला, त्याचं एक बटण सैल आहे हे बघून दातओठ खाल्ले, आणि सुईदोरा आणायला उठली.